धान्याचा रहाट

विहिरीवरचा रहाट ज्याने पाहिला आहे, त्याला त्याची मौज सांगावयास नको. बैल गोल गोल फिरत असतो, चाक कुरकुरत असते आणि चाकावरून सोडलेल्या माळेतील गाडगी एकामागून एक पाण्यात बुडतात, भरून वर येतात, पन्हळात रिकामी होतात आणि पालथ्या तोंडाने पुन्हा खाली उतरतात. भरलेले वर येते, रिकामे खाली जाते. हा क्रम अखंड चालतो. संसाराच्या चढउतारांना आपल्याकडे ‘रहाटगाडगे’ म्हणतात, ते उगीच नव्हे. याच रहाटगाडग्याने सातासमुद्रापलीकडे पाण्याऐवजी धान्य उपसले आणि माणसाच्या पाठीवरचे ओझे हलके केले. त्याची ही हकीकत आहे.

सुटे धान्य ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. ते दगडासारखे घट्ट नाही आणि पाण्यासारखे पातळही नाही. ओतले तर ते वाहते. पण पाण्याप्रमाणे पसरून न जाता त्याची रास होते. मुठीत धरावे तर बोटांच्या फटींतून निसटते. वाळू, मीठ, कोळसा यांचीही तीच तऱ्हा. अशी वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी न्यावयाची, तर ती आधी पाटीत, पोत्यात किंवा पिंपात भरावी लागते. भरणे, उचलणे, वाहणे आणि ओतणे ही चार कामे माणूस हजारो वर्षे हातांनी आणि पाठीने करीत आला.

अमेरिकेतील डेलावेअर राज्यात ऑलिव्हर इव्हान्स नावाचा एक कल्पक कारागीर होऊन गेला. त्याचा जन्म १७५५ साली झाला. त्या काळी पिठाच्या गिरण्या ओढ्याच्या पाण्यावर चालत. जाते पाण्याच्या जोराने फिरे; परंतु बाकीची सारी कामे माणसांच्या माथी असत. गव्हाची पोती पाठीवर घेऊन माडीवर चढावे लागे. दळलेले गरम, दमट पीठ पुन्हा वर नेऊन, पसरून निववावे लागे. इव्हान्सच्या मनात आले, की जे पाणी जाते फिरविते, त्याच पाण्याकडून हे ओझेही का उचलून घेऊ नये? त्याने एका लांब पट्ट्याची दोन्ही टोके जोडली, त्यावर ओळीने लहान लहान डबे बसविले आणि तो पट्टा एक चाक खाली व एक चाक वर अशा दोन चाकांवरून फिरता ठेवला. खालचे धान्य डब्यांत भरून आपोआप माडीवर जाऊ लागले. आडव्या दिशेने धान्य सरकविण्यासाठी त्याने लांब पन्हळात मळसूत्र फिरविण्याची योजना केली. १७९० साली त्याला आपल्या या पद्धतीचे एकस्व मिळाले. दुसऱ्याच वर्षी खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या गिरणीत ही यंत्रे बसवून घेतली.

पुढे या एकस्वावरून वाद माजला. माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८१३ साली एका पत्रात असा आक्षेप घेतला, की इव्हान्सच्या यंत्रात नवीन काही नाही. पर्शियन रहाट या नावाने ते लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आक्षेप खोटा नव्हता. तरीही पाणी उपसणारी ही माळ पाहून ‘हिच्याकडून धान्यही उपसता येईल’ हे किती जणांना सुचले होते? जुनी वस्तू नव्या कामाला लावणे, हीसुद्धा बुद्धिमत्ताच होय.

इव्हान्सची कल्पना गिरणीच्या चार भिंतींतून बाहेर पडली ती बफेलो येथे. हे गाव ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. १८२५ साली ईरी कालवा खुला झाला आणि सरोवराचा मार्ग न्यूयॉर्कच्या बंदराशी जोडला गेला. पश्चिमेकडच्या नव्या शेतांत पिकलेला गहू शिडाच्या गलबतांतून बफेलोला येई आणि तेथे तो कालव्यातील होड्यांत चढवावा लागे. प्रतिवर्षी गहू वाढत गेला. तो उतरविण्याची रीत मात्र तीच राहिली. मजूर गलबताच्या तळाशी उतरत, फावड्यांनी पिंपे भरत, ती दोराने वर ओढत, तोलत आणि पाठीवर घेऊन वखारीत नेत. हे मजूर बहुतेक आयर्लंडहून पोट भरण्यासाठी आलेले गरीब लोक होते. हवा चांगली असली आणि पुरेसे मजूर असले, तर दिवसभरात दीड-दोन हजार बुशेल गहू उतरे. एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो. पाऊस लागला किंवा वारा सुटला, म्हणजे काम बंद आणि मजुरीही बंद.

बफेलोतील जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने हे रोज पाहिले. १८४२ साली त्याने रॉबर्ट डनबार या यंत्रज्ञाच्या साहाय्याने नदीकाठी वाफेच्या शक्तीवर चालणारे धान्य-उत्थापक बांधावयास घेतले. गावात पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले. एका व्यापाऱ्याने तर त्याची कीव करून सांगितले, की आयरिश मजुरांच्या पाठी हेच जगातील सर्वांत स्वस्त उत्थापक होत! माणसाच्या पाठीची किंमत त्या काळी कशी केली जात होती, हे या एका उद्गारावरून कळते.

डार्ट मागे हटला नाही. त्याच्या यंत्राची रचना रहाटासारखीच होती. एक उंच लाकडी इमारत. तिच्यातून गलबताच्या तळापर्यंत सोडता येईल अशी एक लांब सोंड. सोंडेत फिरणारा चामड्याचा पट्टा आणि पट्ट्यावर ओळीने बसविलेले डबे. खाली डबे धान्यात घुसून भरत. वरच्या चाकावरून वळसा घेताना ते पालथे होत आणि वेगाच्या झोकाने धान्य समोरच्या पन्हळात पडे. हा वेग बेताचाच असावा लागतो. पट्टा फार सावकाश फिरला, तर धान्य पुन्हा खालीच सांडते. फार जोराने फिरला, तर ते भलतीकडे उडते. पन्हळातून धान्य तोलले जाऊन उंच कणग्यांत साठे.

या कणग्या उंचावर बांधण्यातही एक मर्म आहे. धान्य एकदा वर चढविले, की पुढचे काम गुरुत्वाकर्षण फुकट करते. कणगीचा तळ नरसाळ्यासारखा उतरता ठेवतात. धान्याची रास ज्या उताराने आपोआप स्थिर राहते, त्याहून हा उतार अधिक तीव्र असावा लागतो. नाही तर धान्य तेथेच अडून बसते. तळाचे दार उघडले, म्हणजे गहू आपल्याच वजनाने खालच्या होडीत घरंगळत जातो. पाण्याच्या टाकीला आणि धान्याच्या कणगीला असा हा एकच न्याय लागू पडतो.

१८४३ साली यंत्र सुरू झाले आणि तासाला हजार बुशेल, म्हणजे सुमारे २७० क्विंटल गहू वर चढवू लागले. प्रथम दोन डब्यांत सुमारे २८ इंचांचे अंतर होते. ते कमी करीत १६ इंचांवर आणल्यावर काम आणखी वाढले. जेवढा गहू उतरावयास पूर्वी एक दिवस लागे, तेवढा आता एका तासात उतरू लागला. त्या दिवसांतील एका गलबताची गोष्ट प्रसिद्ध आहे. ‘जॉन बी. स्किनर’ हे गलबत दुपारी चार हजार बुशेल गहू घेऊन आले. डार्टच्या यंत्राने ते रिकामे केले आणि त्याच संध्याकाळी ते परत निघाले. ओहायोतील मिलान येथे जाऊन ते दुसऱ्यांदा गहू भरून आले, तोही उतरवून परतीच्या वाटेला लागले. त्या वेळी पहिल्या खेपेस त्याच्याबरोबर आलेली इतर गलबते कोठे त्याच्या सोबतीने निघत होती! तोवर त्यांचे धान्य जुन्या रीतीने पाठीवरूनच उतरत होते. मग टीकाकारांची तोंडे आपोआप बंद झाली. काही वर्षांतच बफेलोच्या नदीकाठी अशा उत्थापकांची रांग उभी राहिली आणि ते जगातील मोठ्या धान्यबंदरांपैकी एक झाले.

उंच चढविण्याचा प्रश्न असा सुटला. परंतु लांबवर आडवे नेण्यास मळसूत्र पुरेसे नव्हते. त्यासाठी वाहक पट्टा पुढे आला. १८९१ साली थॉमस रॉबिन्स हा तरुण एडिसनच्या लोहखनिजाच्या कारखान्यात गेला असता, खनिज वाहणारे पट्टे लवकर झिजतात, असे त्याला आढळले. त्यांतील कापड झपाट्याने झिजे; रबर मात्र त्या मानाने टिके. त्याने पट्ट्याच्या वरच्या बाजूस रबराचा जाड थर दिला आणि पट्ट्याखाली असे रूळ बसविले, की पट्टा पन्हळासारखा खोलगट होऊन माल सांडू नये. आज खाणींतून कोळसा आणि बंदरांतून धान्य वाहणारे मैलोगणती पट्टे याच तत्त्वावर चालतात.

यंत्राने सगळेच ओझे उतरविले काय? तसे झाले नाही. डब्यांची सोंड तिच्या तोंडाशी असलेले धान्य उचले. गलबताच्या कानाकोपऱ्यांतील धान्य सोंडेपर्यंत फावड्याने लोटावे लागे. त्यासाठी बफेलोत फावडेवाल्या मजुरांचा एक वर्गच तयार झाला. धुळीने कोंदलेल्या तळाशी ते राबत. त्यांची मजुरी दारूच्या गुत्त्यात वाटली जाई. गुत्तेवालाच मुकादम असे. जो त्याच्याकडे पैसे उधळी, त्यालाच दुसऱ्या दिवशी काम मिळे. घरी बायकामुलांच्या हाती काय पडत असेल, ते सांगावयास नको. अखेर १८९९ साली या मजुरांनी संप पुकारला. बफेलोचे बिशप जेम्स क्विग्ली त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि गुत्त्यात मजुरी वाटण्याची ती दुष्ट चाल बंद पडली. वाफेच्या यंत्राला जे पन्नास वर्षांत साधले नाही, ते माणसांच्या एकजुटीने साधले.

दुसरे संकट धुळीचे. धान्य वरून पडताना त्याची बारीक धूळ उडते. बंद जागेत ती हवेत दाट मिसळली आणि तिला एक ठिणगी मिळाली, की दारूगोळ्यासारखा भडका उडतो. २ मे १८७८ रोजी मिनियापोलिस येथील वॉशबर्न यांची प्रचंड पिठाची गिरणी अशाच स्फोटाने उद्ध्वस्त झाली आणि तेथे १८ माणसे मृत्युमुखी पडली. १९९८ साली कॅन्ससमधील हेसव्हिल येथे धान्याच्या उत्थापकात स्फोट होऊन सात कामगार दगावले. म्हणून अशा ठिकाणी धूळ शोषून घेणारे पंखे बसवितात, चाके व रूळ तापले तर इशारा मिळेल अशी योजना करतात आणि विडी-काडी पेटविण्यास सक्त मनाई असते. झाडलोटीसारखे साधे काम तेथे प्राणरक्षणाचे काम ठरते.

१९५९ साली सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग खुला झाला. मोठी जहाजे बफेलोला वळसा घालून थेट समुद्राकडे जाऊ लागली. नदीकाठचे पुष्कळसे उत्थापक ओस पडले. काँक्रीटच्या त्यांच्या उंच कणग्या पाहण्यासाठी आता लोक जातात. फावडेवाल्यांचा धंदा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तेथे तग धरून होता.

रहाट आपल्या बुद्धीने काही करीत नाही. त्याला पाणी द्या, तो पाणी उपसील. धान्य द्या, धान्य चढवील. त्याच्या फिरण्याने कोणाची पाठ ताठ व्हावी, कोणाच्या घरी भाकरी पोहोचावी आणि कोणाचा जीव सुरक्षित राहावा, याची काळजी माणसालाच वाहावी लागते. ते ओझे उचलणारा उत्थापक अजून कोणी बांधलेला नाही.

शब्दार्थ

उत्थापक – वर उचलणारे यंत्र. एकस्व – आपल्या शोधावर संशोधकाला सरकारकडून मिळणारा हक्क. मळसूत्र – स्क्रूसारखा पिळाचा दांडा. पन्हळ – पाणी किंवा धान्य वाहून नेणारी उघडी नळी. कणगी – धान्य साठविण्याची उंच कोठी. मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा.

अभ्यास

१. विहिरीवरचा रहाट आणि डार्टचे यंत्र यांत कोणते साम्य आहे आणि कोणता फरक आहे?
२. जेफरसन यांचा आक्षेप कोणता होता? तो तुम्हांला पटतो काय? कारणे द्या.
३. कणगीचा तळ उतरता का ठेवतात? वाळू किंवा ज्वारी ओतून होणारी रास पाहा आणि उत्तर लिहा.
४. ‘आयरिश मजुरांच्या पाठी हेच सर्वांत स्वस्त उत्थापक’ या उद्गारातून बोलणाऱ्याची कोणती वृत्ती दिसते?
५. बफेलोच्या मजुरांनी संप का केला? त्याचे फळ काय मिळाले?
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: वेड्यात काढणे, पाठीशी उभे राहणे, तग धरणे, माथी असणे.
७. तुमच्या गावी ओझी वाहणाऱ्या एखाद्या कष्टकऱ्याशी बोला आणि त्याच्या दिवसाचे वर्णन दहा ओळींत लिहा.