टॅब देण्याआधी धोरण वाचू या



गेल्या उन्हाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत जाणे झाले. गुरुजींनी कपाट उघडून दाखवले. आत प्रोजेक्टर, गुंडाळलेला पडदा आणि दोन टॅब. सगळे कोणा भल्या माणसांनी दिलेले, प्लास्टिकच्या पिशव्यांत नीट बांधून ठेवलेले. पाड्यावर वीज येते तेवढीच जाते. इन्व्हर्टरची बॅटरी संपून वर्ष झाले होते आणि चार्जरची वायर उंदरांनी खाल्ली होती. चालू होता तो फक्त गुरुजींचा स्वतःचा मोबाइल. तिसरी-चौथीची आठ-दहा पोरे त्यावर डोकी घालून बेडकाची वाढ कशी होते ते पाहत होती. "तालुक्याला गेलो की उतरवून आणतो," गुरुजी म्हणाले.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास आपल्या मंडळ्यांतून दरवर्षी विचारणा येते : आदिवासी मुलांसाठी टॅब द्यायचे आहेत, किती पाठवू? हेतूबद्दल शंका नाही. पण ते कपाट पाहिल्यापासून वाटते, की देण्याआधी सरकारी धोरणात काय लिहिले आहे ते आपणही एकदा वाचावे.

हा विषय आपल्या देशात जुना आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी मागून घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनवरून धडे दाखवले गेले. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. २००४ मध्ये 'एज्युसॅट' हा खास शिक्षणासाठीचा आपला उपग्रह सोडला आणि त्याच वर्षी शाळांना संगणक देण्याची केंद्राची योजना आली. २०१२ मध्ये शालेय शिक्षणातील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरण झाले. २०१७ च्या शिक्षकदिनी 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांतला चौकोनी क्यूआर कोड मोबाइलने टिपला की धडा उघडतो, तो दीक्षावरचा. हा कोड पाठ्यपुस्तकात आणण्याचा प्रयोग आधी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी केला होता. चांगली कल्पना दिल्लीहूनच यावी असे काही नाही.

मग २०२० साल आले. शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर गेले. त्याआधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. आपल्या पाड्यांवर त्या दोन वर्षांत काय झाले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. कित्येक मुले मजुरीला गेली ती शाळेत परतलीच नाहीत.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तंत्रज्ञानावर दोन प्रकरणे आहेत, तेविसावे आणि चोविसावे. देणगीदारांनी चोविसावे जरूर वाचावे. ज्यांच्यापर्यंत संगणक आणि इंटरनेट पोहोचत नाही त्यांच्यासाठी दूरदर्शन, आकाशवाणी आणि सामुदायिक रेडिओ वापरावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे नेटवर्क नसलेल्या गावाला थांबवून ठेवा असे धोरण म्हणत नाही, दुसरी वाट काढा म्हणते. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या 'पीएम ई-विद्या'त इयत्तेगणिक एक दूरदर्शन वाहिनी ठरली, ती याच विचाराने. दीक्षावरचे धडेही एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. आमच्या गुरुजींनी हे धोरण वाचले नव्हते, पण ते वागत होते त्याबरहुकूम.

भाषेचा प्रश्न याहून अवघड. याच धोरणाच्या चौथ्या प्रकरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेत शिकवावे असे आहे. पण मुलाची घरची भाषा पावरी, कोरकू किंवा माडिया असेल आणि टॅबमध्ये मराठी नि इंग्रजीच असेल, तर पहिलीतल्या मुलाला तो टॅब म्हणजे हलणारी चित्रेच. कंपनीचे तयार धडे विकत घेऊन देणाऱ्यांनी हे आधी तपासावे. मला विचाराल तर भाषेपुढे बाकी सगळे दुय्यम आहे.

देखभालीचेही ऐका. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना संगणक-कक्षासाठी एकरकमी अनुदान मिळते आणि चालू खर्चासाठी पाच वर्षे दरसाल वेगळी रक्कम असते. यंत्र घेणे हा एक खर्च आणि ते चालू ठेवणे हा दुसरा, हे सरकारने हिशेबात धरले आहे. आपण देणगी देताना दुसरा खर्च धरतच नाही. फोटो निघतो तो पहिल्याचा! आकडे सुधारत आहेत हे खरे. सरकारी माहितीनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या शंभरातल्या ३४ शाळांत इंटरनेट होते, २०२३-२४ मध्ये सुमारे ५४ शाळांत. पण उरलेल्या शाळा कुठे असतील, हे घाटातून जाणाऱ्याला कळते.

तेव्हा टॅब किती, हे ठरवण्याआधी आपल्या कार्यकर्त्याला त्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत पाठवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. वीज किती तास असते, बिल कोण भरतो, बिघडले तर जवळचा दुरुस्तीवाला कोणत्या गावात, मुले घरी काय बोलतात, सुटीत सामान कोणाच्या ताब्यात राहील, हे त्या आयाबायांना विचारा. उत्तर "टॅब नको, सौरदिवे द्या" असे आले तर वाईट वाटून घेऊ नका.

निघताना गुरुजींनी मोबाइलवर आणखी एक गोष्ट ऐकवली. पाड्यावरच्या एका आजीने पावरीत सांगितलेली कोल्ह्याची कथा त्यांनीच भरून घेतली होती. पोरे ती पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. तुम्हाला काय हवे, असे विचारले तेव्हा त्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीचा भाव चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी आपल्या कार्यालयात आहे.