चालतां चालतां बंद पडणारी गाडी

कायमची बिघडलेली गाडी दुरुस्त करणें सोपें. परंतु जी मधूनच बंद पडते, आणि घटकाभरानें जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी पुन्हां चालूं लागते, तिचें दुखणें ओळखणें फार कठीण. कारागिराच्या दारांत ती कधींच बंद पडत नाहीं. ज्या मंडळ्यांपाशीं जुन्या पिकअप गाड्या आहेत, त्यांच्या उपदेशक बंधूंस हा अनुभव नवा नसेल. या दुखण्याची परीक्षा कशी करावी, हें आज आम्ही आमच्याच एका चुकीवरून सांगणार आहों.

आमच्या मंडळीची गाडी १९९९ सालची, डिझेलची, साध्या यांत्रिक पंपाची. २०१७ सालीं पंचांस असें वाटूं लागलें कीं, डिझेल प्रमाणाबाहेर खर्च होतें. संशय चालक बंधूंवर गेला. त्यांच्या तोंडावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मात्र टांकीचें जुनें झांकण काढून बाजारांतून कुलुपाचें झांकण आणून बसविलें, व किल्ली खजिनदारांपाशीं ठेविली. (त्या पंचांत आम्हीही होतों, हें येथेंच सांगून टाकतों.) थोड्याच दिवसांनीं कापणीच्या सणाची ज्वारी घेऊन जात असतां गाडी इमामपूरच्या घाटांत बंद पडली. अर्ध्या तासानें ती आपोआप चालूं झाली. पुढच्या आठवड्यांत पुन्हां तोच प्रकार.

आम्हीं प्रथम डिझेलचा फिल्टर बदलला. मग कोणी म्हणालें, पंपच गेला; तेव्हां पंप उतरवून दुरुस्त करविला, व सणाच्या अर्पणांतील बराच पैसा त्यांत गेला. तरी गाडी बंद पडतच राहिली. योनाच्या गलबतावरील खलाशांनीं आधीं माल समुद्रांत टाकला व मग अपराधी कोण तें शोधलें. आम्हींही तसेंच केलें. भेद इतकाच कीं, त्यांस योना खरोखर अपराधी सांपडला. टांकी भरलेली असली म्हणजे गाडी बंद पडते, व अर्धी रिकामी असली म्हणजे नीट चालते, असें दिसून आलें. तेव्हां एका पंचांनीं उघड म्हटलें कीं, डिझेल काढून घेण्यासाठींच चालक ती मुद्दाम बंद पाडतो.

चालक बंधूंनीं वाद केला नाहीं. त्यांनीं एक वही मागितली. गाडी प्रत्येक वेळीं बंद पडली म्हणजे ते तींत लिहीत : किती वेळ चालली होती, चढावर कीं सपाटीवर, टांकींत किती डिझेल होतें, कशी बंद पडली, व कशी चालूं झाली. दोन महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. अशी वही ठेवल्यावांचून कोणत्याही सुट्या भागावर एक रुपयाही खर्च करूं नये, असें आम्ही आतां सर्वांस सांगतों.

त्या नोंदी वाचाव्या कशा? इंजिन दिवा विझावा तसें एका क्षणांत बंद झालें, तर बहुधा विजेचा दोष. पंपावर डिझेल तोडणारी एक विजेची कळ असते. तिची तार सैल झाली कीं खड्ड्याच्या हिसक्यानें इंजिन थांबतें. परंतु आधीं जोर कमी झाला, गचके बसले, व मग इंजिन थांबलें, तर त्यास डिझेल पोहोंचत नाहीं असें समजावें. टांकी जवळजवळ रिकामी असतां केवळ चढावर बंद पडत असेल, तर नळीचें तोंड डिझेलाबाहेर पडून हवा शिरते. पावसाळ्यांत किंवा डब्यांतलें डिझेल भरल्यावर बंद पडत असेल, तर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी निघतें कीं काय पाहावें. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत तापलेली कॉइल असेंच करते. पण तो विषय निराळा.

आमच्या वहींत अकराही वेळां गचके होते, आणि नऊ वेळां टांकी नुकतीच भरलेली होती. डिझेल भरपूर, तरी इंजिन उपाशी! उत्तर झांकणांत होतें. टांकींतून डिझेल जातें तितकी हवा आंत आली पाहिजे. म्हणून झांकणास किंवा टांकीस श्वासाचें बारीक छिद्र असतें. आमच्या टांकीस तें जुन्या झांकणांतच होतें, आणि नवें झांकण घट्ट बंद होतें. भरलेल्या टांकींत वर समजा पांच लिटर हवा आहे. तासाभरांत अडीच लिटर डिझेल खर्च झालें, तर तीच हवा साडेसात लिटर जागेंत पसरते व तिचा दाब दोन तृतीयांशावर येतो. अशा ओढीविरुद्ध जुना फीड पंप हरतो. तेंच वर चाळीस लिटर हवा असेल, तर अडीच लिटरांनीं दाब फारसा उतरत नाहीं. गाडी थांबल्यावर बारीक फटींतून हवा हळूहळू आंत शिरते, म्हणून अर्ध्या तासानें ती पुन्हां चालते.

याची परीक्षा अगदीं सोपी आहे : गाडी बंद पडतांच झांकण उघडावें, सूं असा आवाज होऊन हवा आंत गेली, तर रोग सांपडला. पण चालक बंधूंस ती करतां येईना, कारण किल्ली खजिनदारांपाशीं! अखेर एके दिवशीं खजिनदार स्वतः गाडींतून गेले. घाटांत गाडी थांबली, त्यांनीं आपल्या हातानें कुलूप काढलें, व तो आवाज दोघांनींही ऐकला. हातपंपाचे दहा-बारा दाब देतांच इंजिन चालूं झालें.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. घाटांत इंजिन थांबलें कीं ब्रेकला मिळणारी मदतही जाते. एक-दोन दाबांनंतर पेडल दगडासारखें कठीण होतें. म्हणून ब्रेक पुनःपुन्हां सोडूं नये. एकदांच जोरानें दाबून धरावा, हातब्रेक ओढावा, व चाकांमागें दगड लावावे. इंजेक्टरच्या नळ्या रस्त्यावर सैल करूं नयेत. इंजिन फिरत असतां त्यांतून उडालेली डिझेलची धार कातडी भेदून आंत जाते, आणि अशी जखम बारीक दिसली तरी लागलीच दवाखान्यांत जावें.

झांकणास खिळ्यानें भोंक पाडूं नये, धूळ व पाणी आंत जातें. श्वासाचें छिद्र असलेलेंच झांकण विकत घ्यावें. आम्हीं तसें घेतलें, व पुढच्या रविवारीं उपासनेनंतर ज्या पंचांनीं आरोप केला होता त्यांनींच मंडळीसमोर चालक बंधूंची क्षमा मागितली. डिझेल जास्त कां जळत होतें, तेंही त्याच वहींत निघालें. तिसऱ्या नोंदीच्या खालीं त्यांनीं लिहून ठेविलें होतें कीं, मागचें डावें चाक फार तापतें. त्याचा ब्रेक धरून राहत होता.