दारू सोडणाऱ्याचे पहिले सात दिवस

उपदेशक व मंडळीतील वडीलजन यांच्यासाठी अभ्यासपाठ
शास्त्रवाचन: लूक १०:२५–३७; मत्तय १२:४३–४५

आमच्या मंडळ्यांत मद्यत्यागाची शपथ ही काही नवी गोष्ट नव्हे. सभेच्या शेवटच्या रात्री एखादा मनुष्य अश्रू ढाळीत पुढे येतो, वडीलजन त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि तो घरी जाऊन बाटली फोडून टाकतो. सर्वांस आनंद होतो, व तो योग्यच आहे. परंतु तो मनुष्य वर्षानुवर्षे सकाळपासून पिणारा असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, तिसऱ्या रात्री भिंतीवर विंचू चढताना दिसतात म्हणून तो ओरडत उठतो, आणि कधी कधी त्याचा प्राणही जातो. घरचे म्हणतात, त्याला बाहेरचे काही लागले. शेजारी म्हणतात, दारू सोडली म्हणूनच मेला. दोघांचेही बोलणे खरे नव्हे. दारू सोडणे हे योग्यच होते. वैद्याच्या देखरेखीवाचून ती एकाएकी सोडणे घातक ठरले. शपथ घेतलेल्या मनुष्यास दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात पोचविणे हे मंडळीचे कर्तव्य आहे, हेच आजच्या पाठात आम्हांस सांगावयाचे आहे.

१. शरीर असे बंड का करते?

दारू मेंदूचे काम मंद करते. रोज दारू पडू लागली म्हणजे मेंदू त्या दडपणाविरुद्ध जोर लावण्यास शिकतो व त्या जोरावरच आपले काम चालवितो. चढावर भरली गाडी ओढणारा बैल सर्व बळ लावून पुढे रेटत असावा, आणि एकाएकी जोते तुटावे, म्हणजे तो जसा तोंडावर कोसळतो, तसेच येथे घडते. दारूचे ओझे गेले, परंतु मेंदूचा जोर तसाच राहिला. थरथर, घाम, आकडी व भास ही त्या जोराची लक्षणे होत. त्यांत भूतबाधा नाही, आणि ढोंगही नाही.

२. दिवसांचा हिशोब

हा क्रम उपदेशकाने पाठच करून ठेवावा. शेवटचा घोट घेतल्यापासून सुमारे सहा तासांनंतर हात कापणे, घाम, ओकारी, छातीत धडधड व झोप न येणे ही लक्षणे सुरू होतात. आकडी येण्याचे भय बहुधा पहिल्या दोन दिवसांत असते. त्याहूनही भयंकर अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान येऊ शकते. तीत ताप चढतो, मनुष्य बरळतो, नसलेले किडे व माणसे पाहतो, दिवस कोणता व घर कोणाचे हेही त्यास कळत नाही. अशा वेळी त्यास बांधून ठेवून अंगारा लावीत बसणे किंवा केवळ रात्रभर गाणी गाणे म्हणजे त्यास मरणाच्या हाती देणे होय. गाडी करून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. हे दिवस सुखरूप पार पडले म्हणजे आठवड्याभरात शरीर बहुधा शांत होते.

प्रत्येक पिणाऱ्यास इतका त्रास होतो असे नाही. तथापि कोणास होईल हे घरच्यांनी अंदाजाने ठरवू नये.

३. पुण्याने दाखविलेली वाट

स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढविण्यास लेखी विरोध केला होता. दुकान बंद करण्याचा हा लढा आजही आवश्यक आहे. परंतु जो आधीच बांधला गेला त्यास सोडविण्याचे काम निराळे. पुढे शंभर वर्षांनी, गर्द नावाच्या विषारी पुडीने तरुणांस ग्रासले असता, पुण्यातच त्या कामाची एक मोठी सुरुवात झाली. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी व त्यांचे पती लेखक डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अनिताबाई १९९७ साली व अनिलराव २०२२ साली निवर्तले. काम मात्र चालूच आहे. तेथे रुग्ण राहून उपचार घेतो. आधी शरीर सावरले जाते, मग मनाची मशागत होते. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गटही तेथे आहे, कारण घरातील एकाचे व्यसन साऱ्या घरास दुखवून जाते.

परंतु रोजंदारीवर पोट असणाऱ्या प्रत्येकास घर सोडून राहणे साधत नाही. अशांपैकी कित्येकांस दुसरी वाट मोकळी आहे. रोज दवाखान्यात जावे, डॉक्टरांस दाखवावे, औषध घ्यावे व रात्री घरी यावे. दवाखान्यांत ह्या पहिल्या उपचारास डिटॉक्स म्हणतात. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. इतर जिल्ह्यांतील लोकांनी प्रथम आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. भारत सरकारच्या १४४४६ ह्या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

४. घरी राहून उपचार कोणास योग्य?

हा निर्णय डॉक्टरांचा आहे. आपण त्यांस खरी हकीकत मात्र सांगावी. किती पितो हे लाजेने लपवू नये. पूर्वी दारू सोडताना ज्यास आकडी आली किंवा भास झाले, जो वृद्ध वा फार अशक्त आहे, ज्याचे यकृत वा हृदय बिघडले आहे, ज्याच्या मनात आत्मघाताचे विचार येतात, जी स्त्री गरोदर आहे, किंवा ज्याच्याजवळ रात्रंदिवस थांबणारे शुद्धीवरचे माणूस नाही, अशांनी रुग्णालयातच दाखल व्हावे. बाकीच्यांपैकी ज्यांचा त्रास सौम्य आहे, ज्यांस दवाखाना जवळ आहे व सोबत करणारे माणूस आहे, त्यांस घरी राहून बरे होता येते.

५. औषधाविषयी चार गोष्टी

पहिली. डॉक्टर बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ह्या जातीची गोळी देतात. ती सुटलेल्या मेंदूस सावरून धरते. आरंभी मात्रा अधिक असते, रोज ती कमी होत जाते, व सुमारे आठवड्याने गोळी बंद होते. एक नशा सोडवून दुसरी लावली, असा आक्षेप काही भाविक घेतात. मोडलेल्या पायास काठी देतात ती जन्मभरासाठी नव्हे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. मात्र गोळ्या रुग्णाच्या हाती न देता घरच्या जबाबदार माणसाने ठेवाव्या. गोळीवर दारू प्याल्यास श्वास बंद पडू शकतो.

दुसरी. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन म्हणजे बी-१ हे जीवनसत्त्व फार कमी झालेले असते. त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची नष्ट होऊ शकते. आमच्या गावांत अशक्त माणसास ग्लुकोजचे सलाईन लावण्याची घाई होते. दारू पिणाऱ्यास ते लावण्याआधी थायमिन द्यावयाचे असते; यास्तव हा पिणारा आहे हे डॉक्टरांस आधीच सांगावे.

तिसरी. नकळत चहात वा भाजीत घालण्याच्या पुड्या बाजारात मिळतात, त्या कदापि घेऊ नयेत. दारूचा तिटकारा यावा म्हणून दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध खरे आहे. परंतु ते पोटात असता मनुष्य दारू प्याला तर त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ते रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या आज्ञेनेच द्यावयाचे. प्रेमानेही कोणास फसवू नये.

चौथी. गर्द किंवा अफूच्या जातीची नशा सोडताना वेदना असह्य होतात. त्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध आहे, व ते पुष्कळ काळ द्यावे लागते. ही नशा काही दिवस सोडलेल्याने पूर्वीइतकी मात्रा पुन्हा घेतल्यास त्याचा मृत्यू होऊ शकतो, कारण ती सोसण्याची शरीराची सवय गेलेली असते.

६. शोमरोनी मनुष्याने काय केले?

हा दृष्टांत लिहिणारा लूक हा स्वतः वैद्य होता, हे पौलाच्या पत्रावरून आम्हांस ठाऊक आहे. शोमरोन्याने जखमी मनुष्यास तो त्या रस्त्याने का गेला हे विचारले नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, म्हणजे त्या काळचे औषध केले. आपल्या जनावरावर बसवून त्यास नेले, म्हणजे स्वतः पायी चालला. उतारशाळेत रात्रभर त्याची शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी खर्चाची दोन नाणी दिली, आणि परत येण्याचे वचन दिले. औषध, वाहन, सोबत, पैसा व पुन्हा भेट ह्या पाचही गोष्टी दारू सोडणाऱ्यास लागतात. याजक व लेवी यांनी मनात प्रार्थना केली नसेलच असे आम्ही म्हणत नाही. ते थांबले नाहीत, एवढेच शास्त्र सांगते.

मत्तयातील झाडून लोटून रिकाम्या ठेवलेल्या घराची गोष्टही विसरू नये. पहिले सात दिवस म्हणजे घर झाडणे. ते रिकामे राहिले तर जुना धनी परत येतो. यास्तव पुढे महिनोमहिने डॉक्टरांची भेट, समुपदेशन, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या व्यसनमुक्तांच्या सभा, नियमित काम व मंडळीचा सहवास यांनी ते भरावे लागते. कोणी पुन्हा घसरला तर त्यास वाळीत टाकू नये; दम्याचा रोगी पुन्हा आजारी पडला तर आपण त्यास पुन्हा दवाखान्यातच नेतो. त्याची कथा त्याच्या संमतीवाचून व्यासपीठावरून सांगू नये. प्रभुभोजनात न आंबविलेला द्राक्षरस वापरावा, म्हणजे त्यास मेजापासून दूर बसावे लागणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाहून सर्वांत जवळचे, हा उपचार मिळणारे रुग्णालय कोणते? तेथील वार व वेळ कोणास ठाऊक आहे?
२. सात दिवस पाळीपाळीने सोबत करण्यास मंडळीतील कोणते चार जण तयार आहेत?
३. त्या आठवड्यात बुडालेल्या मजुरीची भरपाई मंडळीच्या दानातून करता येईल काय?
४. त्याच्या पत्नीस व लेकरांस ह्या दिवसांत कोण भेटेल?

प्रिय बंधुभगिनींनो, पुढील सभेत कोणी शपथ घेण्यास उभा राहिला, तर त्याच्यासाठी अवश्य प्रार्थना करा. मात्र घरी जाण्यापूर्वी, उद्या पहाटेच्या एस्.टी.ने त्याच्याबरोबर कोण जाणार, हे ठरवूनच आमेन म्हणा.