अंड्यातलं कोलेस्टेरॉल जातं कुठे?

मेसमध्ये उकडलेली अंडी असली की पांढरा भाग खाऊन पिवळा बलक ताटात तसाच ठेवणारे बरेच जण दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अरे, कोलेस्टेरॉल असतं त्यात!" असतं, हे खरंच. एका बलकात साधारण २०० मिलिग्रॅम असतं. पण ताटातले २०० म्हणजे रक्तात २०० असा हिशोब होत नाही. कारण मध्ये लहान आतडं आहे, आणि ते सगळंच आत घेत नाही.

पहिली अडचण अशी की कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. तेलकट ताटावर नुसतं पाणी ओतून काही होत नाही, साबण लागतो. आतड्यात हे साबणाचं काम यकृतातून येणारं पित्त करतं. पित्तातले क्षार आणि चरबी मिळून अतिसूक्ष्म गोळे बनवतात, त्यांना 'मायसेल' म्हणतात. त्यात बसून कोलेस्टेरॉल आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. गंमत म्हणजे पित्तातच रोज साधारण ८०० ते १२०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल येतं. म्हणजे आतड्यात जेवणापेक्षा घरचाच माल जास्त!

भिंतीवरच्या पेशींना एक दार असतं. ते एक प्रोटीन आहे, नाव 'एनपीसी१एल१'. कोलेस्टेरॉल मुख्यतः इथूनच आत शिरतं. या दाराची गोष्ट मजेशीर आहे. ते अडवणारं 'एझेटिमाइब' हे औषध अमेरिकेत २००२ सालीच मंजूर झालं, पण दार नेमकं कुठलं हे शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवलं. कुलूप आधी सापडलं, दार नंतर!

आत शिरलेलं सगळं तिथेच राहतं असंही नाही. पेशीत 'एबीसीजी५' आणि 'एबीसीजी८' या दोन प्रोटीनचा मिळून एक पंप असतो. तो काही कोलेस्टेरॉल पुन्हा आतड्यात फेकतो. शेंगदाणे, तेलं, डाळी यांतले वनस्पतींचे स्टेरॉल तर तो जवळजवळ सगळेच परत पाठवतो. ज्यांचा हा पंप जन्मतः बिघडलेला असतो त्यांना 'सिटोस्टेरोलेमिया' हा दुर्मिळ आजार होतो.

उरलेलं कोलेस्टेरॉल 'कायलोमायक्रॉन' नावाच्या पार्सलमध्ये भरलं जातं. हे पार्सल सरळ रक्तात न जाता लसिकावाहिनीतून वर चढतं, मानेच्या डाव्या बाजूला खाली रक्तात मिसळतं आणि शेवटी यकृताकडे येतं. तिथे फीडबॅक कंट्रोल आहे. बाहेरून जास्त आलं की यकृत स्वतःचं उत्पादन कमी करतं.

सरासरीने आतड्यातलं निम्मं कोलेस्टेरॉल शोषलं जातं, पण माणसामाणसांत खूप फरक असतो. एकाच मेसमध्ये जेवणाऱ्या दोन रूममेट्सचे रिपोर्ट म्हणूनच वेगळे येऊ शकतात.

मग काय करायचं? बहुतेक निरोगी लोकांसाठी रोजचं एक अंडं हा शत्रू नाही. वनस्पती तूप, बटर, तळलेले पदार्थ रोज खाण्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. संतृप्त चरबी वाढली की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, नीट उचलत नाही. ओट्स आणि इसबगोल मात्र मदत करतात. ते पित्तक्षारांना धरून बाहेर नेतात, आणि नवे क्षार बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करावं लागतं. आणि शेंगदाणा तेलाच्या पाकिटावर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून खूश होऊ नका. वनस्पतींच्या तेलात ते मुळातच नसल्यासारखं असतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर विशीतसुद्धा 'लिपिड प्रोफाइल' ही रक्ततपासणी करून घ्या. वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. डायबेटिस असेल किंवा रिपोर्ट वाढलेला आला, तर अंडी किती खायची हे डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी बलक ताटात टाकू नका. त्यात प्रोटीन आहे, जीवनसत्त्वं आहेत, आणि आपण मेसचे पैसेही भरलेले आहेत!