डोंगर कशास म्हणावे?

इब्री भाषेत 'हार' हा शब्द सीनायला लागतो, सीयोनला लागतो आणि यरुशलेमेसमोरच्या जैतुनांच्या उंचवट्यालाही लागतो. मराठी भाषांतरकाराला मात्र तेथे थबकावे लागते. सीनाय आपण पर्वत म्हणतो, सीयोन डोंगर. टेकडी म्हणावयास कोणी धजत नाही. (पुण्याच्या टेकडीला आपण पर्वती म्हणतो, हेही ध्यानात असावे.)

हा प्रश्न मेजापुरता राहिला नाही. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरवलीची एक व्याख्या मान्य केली. भोवतालच्या जमिनीहून निदान १०० मीटर उंच असेल, तोच अरवलीचा डोंगर. खाणींना मोकळीक मिळेल म्हणून मोठा क्षोभ झाला आणि २९ डिसेंबर रोजी न्यायालयानेच तो आदेश स्थगित ठेवला.

आमच्या सरोजिनी नगरातून रिंग रोडने धौला कुआँकडे गेल्यास विलायती किकराच्या रानात करड्या-तांबूस शिळा दिसतात. गुजरातेतून निघालेल्या, सुमारे ७०० किलोमीटर लांबीच्या अरवलीचे हे उत्तरेचे टोक. दिल्लीकर त्याला 'रिज' म्हणतात. हा क्वार्टझाइट, म्हणजे प्राचीन वाळूचे थर दाबाने व उष्णतेने गारगोटीसारखे घट्ट झालेले. त्याचे वय एक अब्ज वर्षांहून अधिक. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हिमालयाची उठावणी त्याहूनही अलीकडची. झिजून झिजून अरवली ठेंगणी झाली आहे. तिची उंची मोजणारा खरे तर तिचे वार्धक्यच मोजतो.

खडक कठीण असला तरी त्याला भेगा पुष्कळ. पावसाचे पाणी त्यांतून खाली मुरते व विहिरींना मिळते. हे काम बुटकी टेकाडेही करतात. भट्टी येथे याच खडकाचा भुगा 'बदरपूर' वाळू म्हणून बांधकामासाठी इतका उपसला गेला की खोल खड्डे पडले. १९९०च्या सुमारास त्या खाणी बंद झाल्या. आज तेथे असोला-भट्टी अभयारण्य आहे.

आता सीयोनकडे पुन्हा पाहा. दाविदाचे नगर ज्या सोंडेवर वसले, ती समोरच्या जैतुनांच्या डोंगराहून ठेंगणी आहे. तरीही मूळ लेखकांनी शब्द बदलला नाही, म्हणून मीही माझ्या मसुद्यात 'डोंगर'च ठेवला आहे.

वजीराबादेस यमुनेकाठी रिज संपते. तेथे तिला डोंगर म्हणणारा विरळा. खडक मात्र तोच.