संस्था बदलली की कामाची रीत का बदलते?

प्रश्न : माझी भाची एम.एस.डब्ल्यू. करते आहे. तिच्या पुढच्या वर्गातल्या मुली शिकल्या एकच; पण वेगवेगळ्या संस्थांत नोकरीला लागल्या आणि त्यांच्या कामाची रीत पार निराळी झाली, असं ती सांगते. काम शेवटी माणूसच करतो ना? मग असं का व्हावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या भाचीने नेमकं हेरलं आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या एखाद्या बाईचंच उदाहरण घेऊ. मुंबईत तिची गाठ समाजकार्यकर्तीशी तीन ठिकाणी पडू शकते.

पहिलं ठिकाण कुटुंब न्यायालय. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या उद्देशातच समेट आहे. त्यामुळे संसार सावरता येईल का, हा प्रश्न तिथल्या विवाह समुपदेशकासमोर आधी येतो. त्या मनाने कितीही कणखर असल्या, तरी न्यायालयाने त्यांना नेमलंय त्यासाठी.

त्याच १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कार्यकर्ती बसणार पोलिसांच्या आवारात, पण ती पोलीस नाही. इथे सुरुवात ‘आधी मारहाण थांबली पाहिजे’ इथून होते. स्त्रीधन परत मिळवणं, तक्रार नोंदवताना बाईच्या पाठीशी उभं राहणं, सासरच्यांना समोर बसवून बोलणं ही इथली कामं. जागा पोलिसांची असल्याने शब्दाला वजन येतं. धोकाही त्याच जागेत आहे. रोज ठाण्यात बसणारा माणूस हळूहळू ‘केस खरी की खोटी’ या भाषेत विचार करू लागतो. कक्षाची नाळ एका शिक्षणसंस्थेशी जोडलेली राहिली, ही मला या प्रयोगातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

तिसरं ठिकाण बांद्र्याचं भाभा रुग्णालय. महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने तिथे ‘दिलासा’ केंद्र उघडलं. दवाखान्यात जायला घरी फारसं कारण द्यावं लागत नाही. ‘जिन्यावरून पडले’ म्हणणाऱ्या बाईच्या जखमा पाहून परिचारिकेला शंका येते आणि ती तिला केंद्रात पाठवते. बाईने अजून काहीच ठरवलेलं नसतं, आणि तिने लगेच काही ठरवावं अशी अपेक्षाही नसते. आज घरी गेल्यावर ती सुरक्षित कशी राहील, हे आधी पाहिलं जातं. केसपेपरवरची नीट नोंद पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उपयोगी पडते.

बाई तीच, कार्यकर्तीची पदवीही तीच. तरी कोणत्या दारातून आत आली, यावर तिला काय विचारलं जाईल हे ठरतं.

माणसाच्या हाती काहीच नसतं, असं मात्र नाही. अमेरिकी अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली शिक्षक, पोलीस, समाजकार्यकर्ते यांच्याबद्दल लिहिलं, की लोकांना शासनाचं धोरण प्रत्यक्षात भेटतं ते यांच्याच निर्णयांतून. पण माणसं रांगेत आणि वेळ तुटपुंजा, म्हणून ते कामाचे सोपे साचे पाडून घेतात. हे साचे संस्थेच्या गरजेतून येतात.

पैशाचंही तसंच. देणगीदाराला आकडा हवा असला की ‘किती जणींचं समुपदेशन झालं’ हा रकाना भरला जातो. एकाच बाईसाठी वर्षभर केलेल्या खेपा त्यात एक म्हणूनच मोजल्या जातात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला आणि एका संस्थेने आलेला निधी दुसरीकडे वळवणं बंद झालं. मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी मिळवणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या लहान संस्थांचा तो मार्ग त्यामुळे खुंटला. कार्यकर्ती कितीही तळमळीची असो, एस.टी.च्या भाड्याला पैसे नसले की गृहभेट राहूनच जाते.

भाचीला एवढं सांगा : नोकरी स्वीकारण्याआधी त्या संस्थेचं रजिस्टर मागून पाहा. त्यात कोणते रकाने आहेत, एका कार्यकर्तीकडे किती केसेस असतात आणि अडचणीच्या केसवर कुणाशी बोलायची सोय आहे, हे विचारून घे. पगाराची चौकशी त्यानंतर.