मेडिक्लेम आणि वडीलधाऱ्यांची फ्लूची लस

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टर घरातल्या वडीलधाऱ्यांना फ्लूची लस लिहून देतात. दुकान सांभाळणारा मुलगा पावती जपून ठेवतो, मेडिक्लेमच्या कंपनीकडे पाठवतो आणि थोड्याच दिवसांत दावा नामंजूर झाल्याचे पत्र येते. मग कंपनीच्या नावाने खडे फोडले जातात. परंतु पॉलिसी शांतपणे वाचली तर दिसेल की लबाडी कोणी केलेली नाही. कलम पहिल्या दिवसापासून तेथेच होते.

आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ साली सुरू झाला, तो रुग्णालयात दाखल झाल्यावर येणाऱ्या खर्चासाठी. आजही बहुतेक पॉलिसींचा पाया तोच आहे. काय मिळणार नाही, याची जी यादी शेवटी बारीक अक्षरांत छापलेली असते, तिच्यात लसीकरण असते. अपवाद बहुधा प्राणी चावल्यानंतरच्या इंजेक्शनांचा. ही यादी आपण सही करताना वाचत नाही, दावा फेटाळल्यावर वाचतो.

व्यापारी माणसाला येथे प्रश्न पडावा. लस दीड-दोन हजारांची. तीच टाळल्याने वयस्कर माणसाला फ्लूवरून न्यूमोनिया झाला आणि लाखाचे बिल झाले, तर ते कंपनीलाच भरावे लागणार. मग हजार वाचवून लाख घालवण्याचा हा कुठला धंदा?

उत्तर कराराच्या मुदतीत आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. एकदा माणूस तिच्यात आला की सहसा अखेरपर्यंत तिच्यातच राहतो, म्हणजे त्याच्या आजारपणाचा मोठा भार तिच्याच तिजोरीवर. तरीही लसीचे पैसे ती देत नव्हती. १९८८ पासून काही वर्षे निवडक ठिकाणी प्रयोग करून, खर्च आणि बचत ताडून पाहण्यात आली आणि १ मे १९९३ पासून फ्लूची लस योजनेत आली. योजनेचे दर मान्य करणाऱ्या डॉक्टरकडे वा औषधाच्या दुकानात वृद्धाला तिच्यासाठी काहीच द्यावे लागत नाही. यात दया कमी, हिशेब जास्त.

आपली पॉलिसी वर्षाची. २०११ पासून ग्राहकाला कंपनी बदलण्याची सोयही आहे. लशीवर पैसे एकाने घालायचे आणि निरोगी ग्राहक दुसऱ्याने न्यायचा, हे कोणाला परवडेल? शिवाय फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. विमा अनिश्चित नुकसानीचा असतो. दरवर्षी ठरलेला खर्च विम्यात घातला की कंपनी तो आपला नफा लावून हप्त्यातच वसूल करते. काही नव्या पॉलिसींत बाह्यरुग्ण किंवा प्रतिबंधक उपचारांची जोड मिळते, तिच्यात लस धरलेली असू शकते. पण दोन हजारांच्या लशीसाठी हप्ता तीन हजारांनी वाढत असेल, तर ती जोड न घेतलेली बरी. एजंट हा आकडा आपणहून सांगत नाही.

सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारतखाली उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, ही मोठी सोय आहे. तीही दाखल झाल्यावरचीच. याउलट हजला जाणाऱ्या ६५ वर्षांवरील यात्रेकरूंना ही लस सरकारी शिबिरात दिली जाते. म्हणजे या वयाला ती आवश्यक आहे हे सरकार जाणते. घरी राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत मात्र हे जाणणे बहुधा खिशाला हात लागेपर्यंतच टिकते!

ज्यांची पेढी किंवा कारखाना आहे आणि नोकरांसह आई-वडिलांचा सामूहिक विमा आहे, त्यांना थोडा वाव आहे. सामूहिक पॉलिसीची कलमे बोलून ठरवता येतात, तेव्हा नूतनीकरणापूर्वी लशीची मागणी लेखी करावी. ते न जमल्यास बाजारपेठेतील दहा-वीस दुकानदारांनी मिळून घाऊक विक्रेत्याकडे दर विचारावा आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून एकाच दिवशी सर्वांच्या वडीलधाऱ्यांना लस द्यावी. एकेकट्याने छापील किंमत मोजण्यापेक्षा हे स्वस्त पडू शकते.

आपल्या राज्यात फ्लू पावसात बळावतो आणि लशीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा हा खर्च मे महिन्याच्या खात्यात धरावा. डब्यावरची मुदत आणि ती कोणत्या वर्षाच्या विषाणूंसाठी आहे हे पाहूनच पैसे द्यावेत. मागच्या हंगामाचा उरलेला माल आपल्या गळ्यात पडू नये.